०२५३ वरून आलेला फोन

दिराचा अपघात झाला त्या रात्री साडेसात तास त्यांची नोंद ‘अनोळखी पुरुष, वय अंदाजे ४५’ एवढीच होती. खरं वय ५३. नंतर हे कळल्यावर भाऊजींना जरा बरंच वाटलं होतं.

सिन्नर-शिर्डी रस्त्यावर त्यांच्या मोटारसायकलला मागून धडक बसली. मोबाईल उडून कांद्याच्या वावरात पडला, पाकीट सापडलं नाही, खिशात पेट्रोलची पावती आणि प्रसादाची पुडी. गाडीच्या नंबरवरून पत्ता निघाला तो पंचवटीतल्या जुन्या वाड्याचा. तो वाडा सोडून आम्हाला नऊ वर्षं झाली होती. पोलीस तिथलं कुलूप बघून परतले. इकडे आम्ही रात्रभर फोन लावतोय. सकाळी वावराच्या मालकाला पातीत वाजणारा मोबाईल सापडला तेव्हा त्यावर ३१ मिस्ड कॉल होते, त्यातले १९ माझे. भाऊजी वाचले. डावा पाय थोडा ओढत चालतात.

पंधराएक दिवसांनी गाडी सोडवायला पोलीस ठाण्यात गेले. ठाणे अंमलदारांच्या टेबलावर तीन मोबाईल, एक लँडलाइन आणि सिव्हिलहून आलेली वर्दी. अपघाताचा पेशंट आला की हॉस्पिटल एमएलसी, म्हणजे पोलिसांकडे जाणारी मेडिको-लीगल केस, नोंदवतं आणि पोलिसांना कळवतं, ती वर्दी. हवालदार एका फोनवर क्रेन मागवत होते, दुसऱ्यावर पंचनाम्याला माणूस पाठवत होते आणि तिसऱ्यावर कुणाच्या तरी बायकोला ओरडून सांगत होते, “अहो ताई, आधी रडू नका, ऐका तर!” पलीकडून फोन बंद.

“आता हिला परत लावा,” ते स्वतःशीच म्हणाले. “तपास करू की फोन करू?”

मी म्हटलं, “द्या, मी लावते. चौतीस वर्षं हेच केलंय.”

खरंच केलंय. १९८६ साली टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर, म्हणजे परगावचे कॉल जोडून देणारी, म्हणून लागले आणि ३१ जानेवारी २०२० ला व्हीआरएस घेऊन बीएसएनएलमधून बाहेर पडले. त्या एका दिवशी देशभरातून ७८ हजारांवर लोक बाहेर पडले, त्यातली मी एक. शेवटची बरीच वर्षं १९८ या तक्रारीच्या नंबरवर लोकांच्या शिव्या ऐकण्यात गेली, पण हात तयार झाला तो ट्रंकच्या बोर्डावर. रात्री अकरानंतर ‘लाइटनिंग’, म्हणजे सगळ्यात तातडीचा कॉल आला की आम्हा सगळ्या जणींना कळायचं. त्याचा दर साध्या कॉलच्या आठपट. आठपट पैसे मोजून मध्यरात्री कुणी साखरपुडा कळवत नाही.

त्या दिवशीचा एक फोन नीट लागला आणि मग मी आठवड्यातून दोन-तीन रात्री ठाण्यात बसायला लागले. साहेबांनी अटी स्पष्ट सांगितल्या. फोन ठाण्याच्याच लँडलाइनवरून करायचा, शेजारी अंमलदार असले पाहिजेत, डायरीतली नोंद ते करणार, आणि मी पोलीस असल्याचं कुणालाही भासवायचं नाही. माणूस गेला असेल तर ते मी सांगायचं नाही. मयताची खबर पोलीस स्वतः जाऊन देतात, नाहीतर गावच्या पोलीस पाटलांमार्फत. ही शेवटची अट मला आधी कोरडी वाटली होती. आता वाटत नाही.

पहिलं काम म्हणजे माणूस कोण ते शोधणं. लोकांना वाटतं मोबाईल आहे म्हणजे झालं. मोबाईलला लॉक असतं. लॉक न उघडता आपत्कालीन माहिती दिसण्याची सोय जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये असते, पण ती भरलेली मी फार थोड्यांची पाहिली. म्हणून आमचा पहिला नियम साधा: फोन चार्जिंगला लावा आणि वाट बघा, घरचं कुणीतरी करतंच. अंमलदारांच्या खणात चार तोंडांची चार्जरची वायर आहे, तिच्यामुळे जेवढे नातेवाईक सापडले तेवढे कुठल्या ॲपमुळे सापडले नसतील.

फोन फुटला असेल तर बाकीच्या गोष्टी. एमएच १५ म्हणजे आपलाच जिल्हा, ४१ म्हणजे मालेगाव, १८ धुळे, १९ जळगाव, १७ श्रीरामपूर. मागच्या काचेवर गावदेवीचं नाव असतं, त्यावरून तालुका कळतो. औषधाच्या पिशवीवर मेडिकलवाल्याचा नंबर असतो. दाराच्या कडेला ऑइल बदलल्याचं स्टिकर असतं, त्यावर गॅरेजचा. आणि सगळ्यात चांगली माहिती असते जखमीला उचलून आणणाऱ्याकडे, जखमी शुद्धीत असताना काय बोलला याची. पण आणणारा माणूस स्ट्रेचर आत गेलं की पसार. कोर्टकचेरीची भीती. सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्येच अशा मदत करणाऱ्याला त्रास द्यायचा नाही म्हणून सांगितलं, मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १३४-अ कलम आलं, स्वतःचं नाव सांगायचीही सक्ती नाही. मी दाराशी गाठून हे सांगते तेव्हा दहातले चार थांबतात.

गाडीच्या नंबरवरून मालक सापडतो. सामान्य माणसाला ॲपवर मालकाच्या नावातली अर्धी अक्षरं फुल्यांची दिसतात, पोलिसांना पूर्ण नाव मिळतं. पण मालक म्हणजे चालक नव्हे, हे मी एका बाईचा जीव टांगणीला लावून शिकले. पांढरी गाडी, आडगाव नाक्याच्या पुढे ट्रकखाली गेलेली, चालक बेशुद्ध. नोंदीतल्या नंबरवर फोन केला, बाईंनी उचलला. मी म्हटलं, “पांढरी गाडी तुमचीच ना? तिचा अपघात झालाय, गाडी चालवणाऱ्यांना सिव्हिलला नेलंय.” त्यांच्या तोंडून जो आवाज आला तो शब्द नव्हता. नवरा सकाळीच पुण्याला निघालेला आणि फोन उचलत नव्हता. वीस मिनिटांनी तो सापडला, नारायणगावला मिसळ खात, दुसऱ्याच गाडीसह. पांढरी गाडी त्याने दिवाळीत विकली होती. नाव बदललं नव्हतं. राज्यातल्या राज्यात विकलेली गाडी १४ दिवसांत आरटीओला कळवायची असते, पण कोण कळवतं! बाईंनी ठाण्यात उलटा फोन केला. रागावल्या नव्हत्या, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, “गाडी अजून तुमच्याकडेच आहे का, एवढं आधी विचारायचं ना हो.” तेव्हापासून ते पहिलं विचारते. खरा चालक त्या ऑइलच्या स्टिकरवरून मिळाला.

द्राक्षाच्या दिवसांत वेगळीच पंचाईत. दिंडोरी-निफाडच्या बागांवर सुरगाणा, पेठ तालुक्यातून मजूर येतात. पिकअपमध्ये मागे वीस-पंचवीस माणसं उभी. ती कलंडली की एकाच वेळी बारा जखमी. फोन म्हणजे मुकादमाचा एक, आणि मुकादमच बेशुद्ध. बायकांच्या कमरेच्या पिशवीत तंबाखू-चुना आणि दहाच्या नोटा. दोघींचं नाव एकच, आडनाव एकच, पाडा वेगळा. गावात रेंज नाही. अशा वेळी पोलीस पाटील, आश्रमशाळेचे गुरुजी, एसटीचा मुक्कामी कंडक्टर, कुणीही चालतो. जुन्या काळी व्हिजिटिंग कार्डावर नंबरापुढे ‘पी.पी.’ लिहायचे, म्हणजे शेजाऱ्यांचा फोन, हाक मारून बोलावतील. सुरगाण्याकडे अजून पी.पी.च आहे असं समजायचं. त्यात मी एक चूक टाळते: “तुमच्या गावातले बारा जण” असं सांगत नाही. बारा नावं लिहून होईपर्यंत कितीही वेळ लागला तरी चालेल. “बारा” ऐकलं की पाड्यावरच्या सगळ्या घरांत रडारड सुरू होते, ज्यांची पोरं घरात झोपलीयत त्यांच्याकडेसुद्धा.

बोलायचं कसं, याचं मी एका पुठ्ठ्यावर लिहून ठेवलंय. आधी गाव, मग मी कोण, मग त्यांचं माणूस, मग हॉस्पिटल. “घाबरू नका” हे शब्द वर्ज्य, त्यानेच माणूस घाबरतो. “थोडंसं लागलंय” हेही वर्ज्य, कारण डॉक्टरांच्या आधी मला काय माहीत? तुमच्याजवळ आत्ता कोण आहे, हे विचारायचंच. फोन लहान मुलाने उचलला तर मोठ्यांना बोलव म्हणायचं आणि पुढे एक शब्द नाही.

पण अलीकडे हा सगळा पुठ्ठा एका गोष्टीपुढे तोकडा पडतो. लोकांना खरंच वाटत नाही.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. अंबडच्या कंपनीतला मुलगा, सेकंड शिफ्ट सुटल्यावर रूमवर निघालेला, गरवारे पॉइंटजवळ कारने उडवला. मोबाईलचा चुरा. कंपनीच्या ओळखपत्रामागे ‘आपत्कालीन संपर्क’ म्हणून वडिलांचा नंबर. अंमलदारांनी घाईत स्वतःच्या मोबाईलवरून लावला. वडील पारोळ्याजवळच्या गावचे. मुलाचं नाव घेतलं, अपघात म्हटलं, आणि तिकडून आवाज चढला. “किती पाठवू? पन्नास हजार? मागल्या महिन्यात आमच्या गल्लीत असाच फोन आला होता.” फोन कट. परत लावला तर लागेना. नंबर ब्लॉक.

काय बोलणार? त्यांचं काय चुकलं? ‘तुमच्या मुलाला पोलिसांनी धरलंय’, ‘तुमच्या मुलीचा अपघात झालाय, लगेच पैसे टाका’, हे फोन आता रोजचे. त्या चोरांची सुरुवात माझ्या पुठ्ठ्यासारखीच असते.

मी लँडलाइन ओढली. सहा वेळा वाजून उचलला.

“नाशिकहून बोलतेय. हा ०२५३ चा नंबर आहे, पोलीस ठाण्याचा. मी पैशाचं काही बोलणार नाही. तुम्ही ठेवा आणि तुमच्याकडच्या ११२ वर विचारून मला उलटा करा.”

“नाव तर कुठूनही मिळतं,” ते म्हणाले. पण ठेवला नाही. “त्याचा आवाज ऐकवा.”

आवाज कुठून आणू? तो ऑपरेशनला आत होता. अंमलदारांनी त्याची सॅक टेबलावर उपडी केली. चार्जर, रेनकोट, दोन पोळ्या उरलेला स्टीलचा डबा. मी डबा दिव्याखाली धरला.

“स्टीलचा डबा आहे, दोन पुडांचा. एका कडीला लाल दोरा बांधलाय. झाकणावर नाव घातलंय. ‘मामांकडून सप्रेम भेट’. खाली तारीख, १२-५-९८. नऊचा आकडा पुसट झालाय.”

पलीकडे काहीच नाही. मग फोन बाजूला धरून हाक मारल्यासारखा आवाज, “अवो, तो तुमच्या भावाचा डबा…” आणि मग बाईचं काहीतरी बोलणं. मग ते परत फोनवर आले. आतापर्यंत शुद्ध मराठीत भांडणारा माणूस अहिराणीत म्हणाला, “काय व्हयनं मना पोऱ्याले?”

मी सांगितलं. कोणत्या हॉस्पिटलला, कधी आणलं, आत काय चाललंय तेवढंच. पुढचा प्रश्न ठरलेला, “किती पैसे घेऊन येऊ?” उपचार पैशासाठी अडणार नाहीत, मे २०२५ पासून अपघातातल्या जखमींना सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे कॅशलेस उपचार मिळण्याची योजना आहे, त्याची कागदं इथूनच हलतात, हे सांगितलं. मग माझा प्रश्न: “गाडी कोण चालवणार?” “मीच, मोटारसायकल आहे.” रात्रीचे साडेबारा, पाऊस, धुळे, मालेगाव, राहुड घाट, चार तास तरी. मी म्हटलं, “दादा, मोटारसायकल नाही. गावात चारचाकी कुणाकडे आहे? त्याला उठवा. तोवर मी फोन ठेवत नाही.” धडक ऐकून निघालेली माणसं वाटेत धडकलेली मी दोनदा पाहिलीयत. त्यांनी शेजाऱ्याला उठवलं, मी लाइन धरून बसले. हे मला येतं. लाइन धरणं.

पहाटे पाचला लँडलाइन वाजली. मी घरी जायला निघालेच होते, चपला पायात.

“मॅडम, सिव्हिलला आलो. गेटवर आहे. कुठून आत जायचं?”

“कॅज्युअल्टीची पाटी दिसतेय का?”

“दिसतेय.”

“तिथेच उभे राहा. हवालदार येतायत. त्यांच्या हातात डबा आहे, त्यावरून ओळखा.”