बेसबॉल समजेपर्यंतचा माझा अनुभव, आणि राजाय डेव्हिस

बेसबॉल शिकायचं म्हणजे नक्की काय शिकायचं हेच आधी मला कळत नव्हतं. क्रिकेट बघत वाढलेली असल्यामुळे कॅच, रन वगैरे पटकन समजलं, पण मॅच संपल्यावर काय झालं ते कुणाला सांगता यायचं नाही. 2016 च्या सीझनला मी क्लीव्हलँडमध्ये होते आणि शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहायच्या, त्या म्हणाल्या नुसता टीव्ही बघू नकोस, पेन्सिल घे आणि स्कोअरकार्ड लिहीत जा.

पद्धत अशी की प्रत्येक फिल्डरला एक नंबर. पिचर (बॉल टाकणारा) 1, कॅचर 2, मग फर्स्ट, सेकंड, थर्ड बेसवाले 3, 4, 5, सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला शॉर्टस्टॉप 6 आणि आउटफिल्डचे तिघे 7, 8, 9. शॉर्टस्टॉपने बॉल उचलून फर्स्ट बेसला फेकला आणि बॅटर आउट झाला की 6-3 लिहायचं. स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बॅटर आउट झाला की के (चांगला बॉल सोडला किंवा बॅट फिरवून हुकला की एक स्ट्राइक), आणि बॅट न फिरवताच गेला तर उलटा के. बेस चोरला, म्हणजे बॅटरने बॉल मारलेला नसतानाच पळून पुढचा बेस गाठला, तर एसबी.

हे एसबी माझ्या कागदांवर एकाच नावापुढे सारखं यायला लागलं, राजाय डेव्हिस. एखाद्या दिवशी हा सुरुवातीपासून खेळायचा, एखाद्या दिवशी बेंचवर, मग नऊपैकी आठव्या इनिंगला दुसऱ्याच्या जागी नुसता पळायला यायचा आणि लगेच सेकंड बेस चोरायचा. कधी लेफ्ट फिल्डला उभा, कधी सेंटरला. वय 35, आणि त्या वर्षी 43 बेस चोरून अख्ख्या अमेरिकन लीगमध्ये (मोठ्या लीगच्या दोन भागांपैकी एक) पहिला! मला राहवेना, हा माणूस आला कुठून ते शोधायला बसले आणि खरं बेसबॉल तिथे समजायला लागलं.

2001 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, पिट्सबर्ग पायरेट्सनी त्याला 38 व्या राउंडमध्ये घेतलं होतं. 38 व्या! त्याच्या आधी हजारावर मुलांची नावं पुकारून झाली होती. मग हिकरी, लिंचबर्ग, अल्टूना, इंडियानापोलिस अशा शहरांत मायनर लीग (मोठ्या लीगच्या खालच्या टीम), आणि मोठ्या लीगमध्ये पहिली मॅच ऑगस्ट 2006 मध्ये. पुढच्याच वर्षी ट्रेड, म्हणजे टीममधली खेळाडूंची अदलाबदल, होऊन सॅन फ्रान्सिस्को, आणि 2008 च्या एप्रिलमध्ये तिथूनही काढलं.

हे "काढलं" म्हणजे काय ते समजायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. टीमकडे 40 जणांची यादी असते आणि त्यातले तेव्हा 25 जण प्रत्यक्ष खेळणारे, आता 26 असतात. 40 मधल्या खेळाडूला साधारण तीन सीझन बिनबोभाट खाली मायनरला पाठवता येतं, त्याला ऑप्शन म्हणतात, पण ऑप्शन संपले की खाली पाठवायच्या आधी त्याला वेव्हरवर टाकावं लागतं, म्हणजे बाकीच्या सगळ्या टीमना विचारायचं की हा कुणाला हवाय का. कुणी हात वर केला तर सामान बांधून तिकडे, नाही केला तर खाली मायनरला. म्हणजे नोकरी राहणार का, कुठल्या गावात राहणार, हे सगळं काही दिवसांत ठरतं आणि खेळाडूच्या हातात त्यातलं फार थोडं असतं. डेव्हिसला ओकलंडने उचललं, नुसती खाडी ओलांडायची होती. तिथे त्याने 2010 मध्ये 50 बेस चोरले, आणि त्याच नोव्हेंबरमध्ये त्यांनी त्याला टोरांटोला देऊन टाकलं. मग डेट्रॉइट, मग क्लीव्हलँड. 50 बेस चोरलेल्या माणसाला देऊन टाकतात हे वाचून मला खरंच वाईट वाटलं होतं.

आणि मग 2 नोव्हेंबर 2016, वर्ल्ड सीरिज म्हणजे अंतिम मालिका, तिची निर्णायक सातवी मॅच, शिकागो कब्जविरुद्ध, आपल्याच शहरात. शेजारच्या बाईंच्या घरी आम्ही दोघी कागद घेऊन बसलेल्या. आठव्या इनिंगला आपण 6-3 ने मागे, दोन आउट, एकजण बेसवर, आणि पिचिंगला अरोल्डिस चॅपमन, ताशी 100 मैलांनी टाकणारा. आपल्या गायरने डबल, म्हणजे सेकंड बेसपर्यंत पोचवणारा फटका, मारला, 6-4. मग डेव्हिस. त्याने बॅट मुठीपासून बरीच वर धरली होती, म्हणजे जोर कमी पण बॅट लवकर फिरणार. दोन स्ट्राइक झालेले. आणि त्याने बॉल लेफ्ट फिल्डच्या भिंतीवरून बाहेर घालवला, म्हणजे होमरन, त्याचा स्वतःचा आणि बेसवरच्या गायरचा असे दोन रन, 6-6! पूर्ण करिअरमध्ये ज्याचे रेग्युलर सीझनचे फक्त 62 होमरन झाले त्या माणसाने!! बाई रडत होत्या, मीही. मग पाऊस, थांबलेली मॅच, बरोबरीमुळे जादा खेळलेल्या दहाव्या इनिंगला कब्ज 8-6, आपल्याकडून पुन्हा डेव्हिसनेच सिंगल मारून 8-7 केलं, पण पुढचा बॅटर थर्ड बेसवाल्याकडे बॉल मारून आउट. 5-3 लिहिलं आणि सीझन संपला.

त्यानंतर मी त्याच्या बातम्या सोडल्याच नाहीत. परत ओकलंड, बॉस्टन, परत क्लीव्हलँड, आणि 2019 ला न्यूयॉर्क मेट्सची मायनर टीम. मे महिन्यात त्याला वर बोलावलं तेव्हा तो पेनसिल्व्हेनियात होता, उबर करून दोन तासांवर असलेल्या न्यूयॉर्कच्या स्टेडियमवर पोचला तेव्हा मॅच सुरू झालेली, आणि आठव्या इनिंगला बॅटिंगला येऊन तीन रनचा होमरन मारला. वय 38. एकूण 415 बेस चोरून त्याचं मोठ्या लीगमधलं करिअर त्याच वर्षी संपलं.

आता ज्याला शिकायचंय त्याला मी स्टार खेळाडूपासून सुरुवात करू नका असं सांगते, असा एखादा सारख्या टीम बदलणारा आउटफिल्डर धरा, ऑप्शन, वेव्हर, ट्रेड सगळं त्याच्या मागे आपोआप समजत जातं. फक्त 2021 पासून ड्राफ्ट 20 राउंडवर आणलाय आणि मायनरच्या टीमही 160 वरून 120 केल्यात. 38 व्या राउंडचा मुलगा आता ड्राफ्टमध्ये येणारच नाही, आणि ज्यांनी हे ठरवलं त्यांचा पैसे वाचवण्याचा हिशेब मला अजिबात पटलेला नाही.