आधी परतीची वाट: नाशकात बसून एल्कच्या शिकारीची आखणी

नाशिकच्या माणसाने शिकारीच्या आखणीविषयी लिहावे हे थोडे विचित्र वाटेल, कारण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे हा विषय मिटवला आणि तो मिटला हे बरेच झाले. परंतु डेन्व्हरला स्थायिक झालेल्या माझ्या भाच्याला यंदा कोलोरॅडो राज्याच्या सोडतीत एल्कच्या मादीचा परवाना लागला आणि त्याने फोनवर सांगितले, "मामा, मला नेम धरता येतो, पण डोंगर तुम्हाला कळतात. ऑक्टोबरमध्ये या." त्याचीही ही पहिलीच शिकार. मी बंदुकीला हात लावणार नाही. शिकारीचा परवाना नसलेल्या पर्यटकाने बंदूक बाळगणे तिथल्या कायद्याने गुन्हा आहे, शिवाय मला तशी हौसही नाही. माझ्याकडे काम आहे ते नकाशाचे आणि ओझ्याचे.

एल्क हा सांबरापेक्षा मोठा आणि काश्मीरच्या हंगुलाच्या जवळच्या नात्यातला प्राणी आहे. मादी सव्वादोनशे किलोच्या आसपास भरते, नर तीनशेच्याही पुढे जातो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेसुमार शिकारीमुळे कोलोरॅडोतून तो जवळजवळ नाहीसा झाला होता. १९१३च्या सुमारास यलोस्टोनहून काही एल्क आणून तिथे सोडले गेले, आणि आज त्या राज्यात त्यांची संख्या दोन लाखांहून अधिक आहे. ताईने मात्र एकच प्रश्न विचारला, "मादीच का रे?" एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे कळपाची वाढ आटोक्यात ठेवायची तर तिथल्या वन्यजीव खात्याला माद्यांचेच परवाने द्यावे लागतात, हे उत्तर मी दिले. ते तिला पटले असे मला वाटत नाही, आणि तिला ते पटलेच पाहिजे असाही माझा आग्रह नाही.

आखणीला बसल्यावर आम्ही दोघांनी पहिली चूक एकाच दिशेने केली: एल्क कुठे असेल, एवढेच शोधत राहिलो. त्या अंगाने सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला तिथला नकाशा फारसा परका वाटत नाही. उत्तरेकडच्या उतारावर ऊन कमी पडते, त्यामुळे तिथे दाट सूचिपर्णी झाडी असते आणि दिवसा एल्क तिथेच बसतात. पहाटे आणि तिन्हीसांजेला ते मोकळ्या कुरणात चरायला उतरतात. तीव्र उताराच्या मधोमध जो सपाट पट्टा असतो, ज्याला आपण पदर म्हणतो, तो त्यांच्या विश्रांतीचा लाडका पट्टा, आणि एका खोऱ्यातून दुसऱ्यात जाताना ते आपल्यासारखीच खिंड गाठतात. समोच्च रेषांमधून पदर आणि खिंडी हुडकण्यात माझ्या चार रात्री आनंदात गेल्या. फक्त प्रमाणाचा घोळ झाला. आपल्या नेहमीच्या सर्वेक्षण नकाशावर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, तर अमेरिकेच्या १:२४,००० नकाशावर तेवढ्याच लांबीत अर्ध्या किलोमीटरलाही थोडे कमी अंतर बसते. सारे काही जवळ निघाले म्हणून मी खूश झालो आणि गाडीरस्त्यापासून सहा किलोमीटर आत असलेल्या एका देखण्या पदरावर लाल खूण करून मोकळा झालो.

मग ओझ्याचा हिशेब मांडला. मादीचे हाडे काढलेले मांस सुमारे साठ-सत्तर किलो भरते, आणि खाण्याजोगे मांस रानात टाकून येणे हा तिथे गुन्हा आहे. आम्ही दोघे, माझे वय पंचावन्न. सतरा-अठरा किलोच्या वर मला पेलणार नाही, म्हणजे प्रत्येकाच्या दोन खेपा. सहा किलोमीटर आत जायचे, पहिली खेप बाहेर आणायची, परत आत जायचे आणि दुसरी खेप आणायची, अशी एकूण चोवीस किलोमीटरची पायपीट होते, आणि त्यातली निम्मी पाठीवर ओझे घेऊन. त्यात मांस लवकर थंड झाले नाही तर नासते. ती लाल खूण मी त्याच रात्री खोडली.

इथे गडकिल्ल्यांच्या सवयीने मला आणखी एकदा फसवले. गडावर जाताना चढ आधी येतो आणि थकल्यावर उतार मिळतो, हा क्रम आपल्या अंगात मुरलेला असतो. तिथे मात्र जंगलातले पुष्कळ कच्चे रस्ते डोंगराच्या धारेवरून जातात, म्हणजे जनावर खालच्या घळीत पडले तर भरल्या पाठीने वर चढावे लागणार. म्हणून नियम ठरवला की रस्त्याच्या खाली जायचेच नाही. भाच्याचा आक्षेप रास्त होता: "मामा, रस्त्याजवळ तर सगळेच शिकारी फिरतात, तिथे एल्क थांबेल का?" त्यावर तोडगा असा निघाला की, जवळ असलेल्या पण अवघड जागा शोधायच्या. रस्त्यापासून दीड-दोन किलोमीटरवर, पण तीनशे मीटरच्या अंगावर येणाऱ्या चढामागे लपलेले पदर. चढ पाहूनच बरेच लोक मागे फिरत असावेत, असा आमचा अंदाज आहे.

उंचीची तयारी नाशकात होत नाही. कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटरवर आहे आणि डेन्व्हर शहर १,६०९ मीटरवर. म्हणजे महाराष्ट्राचा माथा जिथे संपतो तिथे भाच्याचा दिवाणखाना सुरू होतो. आमचा मुक्काम २,९०० मीटरच्या आसपास असेल. त्यामुळे दोन रात्री डेन्व्हरला, एक रात्र मधल्या गावात आणि मग तंबूत, असा क्रम ठेवला आहे. त्या उंचीवर पाणी नव्वद अंशांच्या आसपासच उकळते, डाळ शिजता शिजत नाही, तेव्हा वरण-भाताचा नाद सोडून पोहे आणि सांजा यांवर भागवायचे आहे. पायांची तयारी मात्र चालू आहे. दर रविवारी पाठीवर सतरा किलो तांदूळ घेऊन रामशेज चढतो. चढताना दम लागतो, पण गुडघे बोलतात ते उतरताना.

वाऱ्याचा धडाही तिथेच घेतला. उघडिपीच्या एका पहाटे उतारावर उदबत्ती लावून बसलो, तर धूर पाण्यासारखा खाली वाहत होता, आणि ऊन तापल्यावर तोच वर चढू लागला. एल्कचे नाक फार तिखट असते, तेव्हा सकाळी थंड हवा उतरत असेपर्यंत त्याच्या खालच्या बाजूला राहायचे आणि ऊन वर आले की आडवे सरकून वरच्या अंगाला जायचे, असे ठरले आहे.

पोशाखाविषयी एवढेच की, रायफलच्या हंगामात शिकाऱ्याला कमरेच्या वर किमान ५०० चौरस इंच झगझगीत केशरी किंवा गुलाबी कपडा आणि त्याच रंगाची टोपी सक्तीची आहे. मी नुसता हमाल असलो तरी तेच घालणार आहे. गोदाकाठच्या माणसाला भगव्याचे अप्रूप नाही, पण हा केशरी डोळ्यांना टोचतो. हरणांच्या कुळाला तो आपल्यासारखा दिसत नाही, म्हणून चालते.

नकाशावर आता तीन पदर उरले आहेत. ऑगस्टमध्ये भाचा तिथे जाऊन ताज्या लेंड्या, चिखलात लोळल्याच्या जागा आणि अ‍ॅस्पेनच्या झाडांची कुरतडलेली साल पाहून येईल. त्याला मी आणखी एक काम सांगितले आहे: तिन्ही ठिकाणांहून पाठीवर वीस किलोचे ओझे घेऊन उतरायचे आणि गाडीपर्यंत पोहोचायला किती मिनिटे लागतात ते घड्याळ लावून मोजायचे.