ट्रिपल आयटी नागपूरची ॲडमिशन आणि सेंट्रलचा ओबीसी दाखला : माझा अनुभव

गावात पहिल्यांदा सांगितलं की मला ट्रिपल आयटी (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी) नागपूर मिळालं तर शेजारच्या काकांनी विचारलं, "आयटीआय ना रे? कोणता ट्रेड भेटला?" त्यांचा काही दोष नाही, अकरावीपर्यंत मलाही आयआयटी आणि एनआयटी एवढंच माहीत होतं. वर्धा जिल्ह्यात आमचं गाव, बाबांची पाच एकर कोरडवाहू, आणि दीड तासावर बुटीबोरीजवळ वारंग्याला एवढी मोठी संस्था उभी आहे हे शाळेत कोणी सांगितलंच नव्हतं.

मामांचा विरोध वेगळा होता. पीपीपी (सरकार आणि खासगी कंपन्यांची भागीदारी) म्हणजे प्रायव्हेटच, उगाच नाव मोठं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून मी बसून सगळं वाचून काढलं आणि त्यांना समजावलं, तेच इथे लिहितो. २०१० ला केंद्र सरकारनं ठरवलं की देशात २० नवीन ट्रिपल आयटी काढायच्या, एका संस्थेला १२८ कोटी, त्यातले ५० टक्के केंद्राचे, ३५ टक्के राज्याचे आणि १५ टक्के कंपन्यांचे, जमीन राज्यानं फुकट द्यायची. महाराष्ट्रात नागपूर आणि पुणे दोन्ही २०१६ ला सुरू झाल्या, नागपूरची पहिली बॅच तर व्हीएनआयटीत (नागपूरच्या एनआयटीत) शिकली कारण स्वतःची इमारतच नव्हती. मग २०१७ ला संसदेत कायदा झाला आणि या संस्थांना राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा मिळाला, म्हणजे बीटेकची डिग्री संस्था स्वतःच्या नावानं देते. मामा हे ऐकून गप्प झाले, पण "फी किती?" हा त्यांचा पुढचा प्रश्न बरोबरच होता, त्यावर नंतर येतो.

मला जेईई मेनला ९७ च्या थोडं वर पर्सेंटाइल होतं. ओपनमधून मनासारखं काही मिळणार नव्हतं, ओबीसीतून चान्स होता. जोसाच्या (आयआयटी, एनआयटी, ट्रिपल आयटीच्या सीट वाटणाऱ्या केंद्रीय प्रक्रियेच्या) चॉइस फिलिंगमध्ये २६ ट्रिपल आयटी दिसतात, त्यातल्या जवळपास सगळ्या मी भरल्या, नागपूर सगळ्यात वर. १४ जून २०२५ ला पहिला राउंड लागला, भागलपूरची ट्रिपल आयटी मिळाली, ईसीई (इलेक्ट्रॉनिक्स आणि कम्युनिकेशन) ब्रँच. फ्लोट केलं, म्हणजे ही सीट धरून ठेवायची आणि वरची मिळाली तर पुढे सरकायचं. सीट ॲक्सेप्टन्सची फी भरायला बाबांनी पेरणीसाठी ठेवलेले पैसे काढले. कपाशीच्या बियाण्याची पाकिटं आणायला ते त्याच दिवशी निघणार होते. ते काही बोलले नाहीत, फक्त कृषी केंद्रवाल्याला फोन करून म्हणाले की भाऊ, आठ दिवस थांबा.

डॉक्युमेंट अपलोड केले आणि दुसऱ्या दिवशी क्वेरी आली. ओबीसी एनसीएल (नॉन क्रिमीलेअर) दाखला भारत सरकारच्या नमुन्यात नाही. उत्तर द्यायला मोजका वेळ, नाही दिलं तर ओबीसीची सीट जाणार आणि पुढे ओपन रँकवर जे मिळेल ते, म्हणजे माझ्यासाठी काहीच नाही.

हे नीट समजून घ्या कारण आपल्याकडे खूप पोरं इथेच अडकतात. आपल्याकडे जातीचा दाखला वेगळा आणि नॉन क्रिमीलेअर वेगळं असतं, आणि सेतूत जाऊन "नॉन क्रिमीलेअर काढायचं" म्हटलं की तुम्हाला राज्याच्या नमुन्यातलं मिळतं. ते सीईटीच्या कॅपला (राज्याच्या प्रवेश प्रक्रियेला) चालतं. जोसाला चालत नाही. जोसाला केंद्राच्या नमुन्यातला एकच दाखला लागतो, इंग्रजीत, त्यात जात आणि क्रिमीलेअरमध्ये नसल्याचं दोन्ही एकाच कागदावर असतं, खालच्या भागात ८ सप्टेंबर १९९३ च्या भारत सरकारच्या मेमोरँडमचा उल्लेख असतो. आणि तारीख त्याच वर्षीच्या १ एप्रिलनंतरचीच पाहिजे. माझा राज्याचा दाखला तीन वर्षं चालणारा होता म्हणून मी निर्धास्त होतो. त्याआधी तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का तेही बघा, राज्याची यादी वेगळी आणि केंद्राची वेगळी.

सेतूवाल्या दादाला सांगितलं तर तो म्हणाला, असा नमुना आमच्याकडे येतच नाही, तुला दिला तोच ओबीसी. दुपारचे बारा वाजले होते, जूनचं ऊन, कचेरीच्या व्हरांड्यात अर्ज लिहिणाऱ्यांच्या टेबलांभोवती पीक कर्जाच्या कागदांसाठी गर्दी. मी जोसाच्या वेबसाइटवरून नमुना डाउनलोड करून झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढली होती, ती घेऊन बाबा आणि मी थेट आत गेलो. एका मॅडमनी कागद हातात घेतला, चष्मा वर केला, पूर्ण वाचला आणि म्हणाल्या, "बाळा, हे सेंट्रलचं आहे, हे आम्ही देतो, पण कोणी मागायलाच येत नाही." त्यांनी माझा जातीचा दाखला, बाबांचे तीन वर्षांचे उत्पन्नाचे दाखले, टीसी सगळं लावून फाइल तयार केली. साहेब दौऱ्यावर होते. मॅडम म्हणाल्या थांबा, आणि आम्ही थांबलो, संध्याकाळी सव्वासहाला साहेब आले आणि गाडीतून उतरल्यावर टेबलावर बसायच्या आत मॅडमनी फाइल पुढे केली. सही झाली, गोल शिक्का बसला. शिक्का ओला होता म्हणून बाबांनी कागद दोन बोटांत धरून बाहेर आणला, घडी घातली नाही. मोबाइलवर स्कॅन करून तिथल्याच पायरीवर बसून अपलोड केला. दुसऱ्या दिवशी व्हेरिफाय झाला. त्या मॅडमचे आभार मी आयुष्यभर मानीन.

नंतरचं सोपं होतं. चौथ्या राउंडला नागपूर आलं, ईसीईमध्ये आयओटी (इंटरनेट ऑफ थिंग्ज), फ्रीझ केलं, म्हणजे तीच सीट पक्की केली.

आता फी. हॉस्टेल, मेस धरून वर्षाचे दोन लाखांच्या वर जातात. सरकारनं इमारतीला पैसे दिले पण चालू खर्च संस्थेनं फी वगैरेतून स्वतः भागवायचा असं या योजनेचं गणित आहे, आणि ते गणित शेवटी माझ्या बाबांसारख्यांच्या वहीत येऊन बसतं. मला हे मनापासून चुकीचं वाटतं. जागा वाढवल्या हे खूप चांगलं केलं, पण फीची सोय जागेसोबत यायला पाहिजे. काही जण म्हणतात आपल्या राज्याचे ३५ टक्के पैसे आहेत तर एनआयटीसारखा होम स्टेट कोटा का नाही. मलाही आधी तसंच वाटायचं. आता माझा रूममेट समस्तीपूरचा आहे, त्याच्या घरी माझ्यापेक्षा कमी जमीन आहे, त्यामुळे कोट्यावर माझं काही म्हणणं नाही, फीवर आहे.

कर्ज पीएम विद्यालक्ष्मी या केंद्राच्या शैक्षणिक कर्जाच्या योजनेतून घेतलं. बँकेत आधी जमीन तारण मागितली, मग योजनेची प्रिंट दाखवली. त्यात तारण आणि जामीनदार लागत नाही, साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सरकारची ७५ टक्के हमी असते, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सूट. मात्र तुमची संस्था योजनेच्या यादीत आहे का ते पोर्टलवर आधी बघून जा, आणि प्रिंट घेऊनच जा.

यंदा काकांची मुलगी बारावीला आहे. तिची जेईई एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात होती, म्हणून २ तारखेला तिच्या कागदांची फाइल घेऊन कचेरीच्या रांगेत मी उभा राहिलो.