आमची वाटचाल: आधी अळीचं जेवण

सावंतवाडीजवळची आमची रोपवाटिका उभी राहिली ती माझ्या फुलपाखरांच्या वेडातून. शाळेत असताना परसातल्या कढीपत्त्यावरच्या अळ्या मी बरणीत वाढवायचो. पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी अळी पुढे हिरवीगार होते, डिवचली की डोक्यामागून लाल शिंगं काढून उग्र वास सोडते आणि एके सकाळी कोषातून कॉमन मॉर्मन फुलपाखरू बाहेर पडतं. ती गोडी कधी सुटलीच नाही.

फुलपाखरू अनेक फुलांवर मध पितं, अळीला मात्र ठरावीकच झाड लागतं. सदर्न बर्डविंग हे सह्याद्रीतलं सर्वांत मोठं फुलपाखरू. त्याची अळी ईश्वरीच्या कुळातल्या वेलींवर वाढते. रानातली ईश्वरी औषधासाठी मुळासकट उपटली जाते, आणि वेल संपली की मादीला अंडी घालायला जागा उरत नाही. म्हणून आम्ही पहिल्यांदा ईश्वरीच लावली. पुढे माकडलिंबू, रुई, सोनचाफा आले.

धंदा म्हणून हे सोपं नव्हतं. कुरतडलेली पानं बघून गिऱ्हाईक रोप परत ठेवायचं. मग माझी बायको पान उलटून मोत्यासारखं इवलंसं अंडं दाखवायची आणि हे कुणाचं, ते समजावून सांगायची. तिच्यामुळेच आमचं गिऱ्हाईक टिकलं, असं मी मानतो. आम्ही एकाही पिशवीवर कीटकनाशक मारत नाही.

२०१५ मध्ये महाराष्ट्रानं ब्लू मॉर्मनला, म्हणजे राणी पाकोळीला, राज्य फुलपाखराचा मान दिला. असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. तेव्हापासून शाळांमधून विचारणा वाढली. तिची अळी लिंबाच्या कुळातल्या झाडांवर जगते, त्यामुळे अंगणात एक लिंबू असलं तरी सुरुवात होते.

उघड्यावर बहुतेक अळ्या पक्षी, मुंग्या, गांधीलमाश्या यांच्या तोंडी जातात. त्यामुळे नेहमीच्या जातींची थोडी अंडी आम्ही जाळीघरात वाढवतो आणि फुलपाखरं जिथली तिथेच सोडतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूचीतल्या, म्हणजे कायद्यानं संरक्षण दिलेल्या जातींना हात लावत नाही. त्यांच्यासाठी झाडं लावणं एवढंच आमचं काम. लग्नात डब्यातून उडवायला फुलपाखरं मागणाऱ्यांना सरळ नकार देतो. दाटीवाटीनं कोंडून परक्या गावी नेलेल्या मादीला तिथे तिचं झाड मिळेलच असं नाही. पैसे चांगले मिळतात, पण ही पैदास संवर्धनाची नव्हे.

सध्या ओढ्याकाठच्या बागायतदारांना कुंपणावर ईश्वरी चढवायला राजी करतो आहोत. यंदाची रोपं मृगापासून देऊ. वेलीला चढायला झाड आणि दुपारची सावली ज्यांच्याकडे असेल, त्यांनी आधी सांगून ठेवावं.