डोळ्यांनी शिकलेले शब्द

इंग्रजी शब्दसंग्रह वाढवायचा म्हटलं की आपण वही घेतो. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. पानं भरत जातात, पण बोलायची वेळ आली की त्यातले निम्मे शब्द ओठांपर्यंत येऊन माघारी फिरतात. अर्थ पाठ असतो, म्हणायचं कसं ते माहीत नसतं. मग आपण 'गुड' नाहीतर 'नाइस'वर भागवतो.

दोष थोडा देवनागरीच्या सवयीचाही आहे. लिहिलं तसं वाचायचं, हे आपल्या अंगवळणी पडलेलं. (च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार मराठीतही आहेत, पण ते लहानपणीच कानावर पडतात, म्हणून खटकत नाहीत.) इंग्रजीचा मामला निराळा. कॅक्सटनने १४७६ साली इंग्लंडात छापखाना सुरू केला आणि पुढे हळूहळू स्पेलिंग ठरत गेलं. उच्चार मात्र बदलत राहिले. सरदार या अर्थाच्या 'नाइट'मधला के एकेकाळी खरोखर उच्चारला जायचा. पंडितांनी त्यात आपली भर घातली ती वेगळीच. कर्जाच्या 'डेट'मधला बी लॅटिन मूळ दिसावं म्हणून मागाहून घुसवलेला. बेटाच्या 'आयलंड'मधला एस तर निव्वळ गैरसमजातून आला. तो शब्द मुळात लॅटिन नव्हेच.

मुकी अक्षरं एकवेळ पाठ करता येतात. खरी मेख आहे ती आघातात, म्हणजे शब्दात जोर कुठे द्यायचा त्यात. डिक्शनरीत उच्चार दाखवताना मध्येच एक बारीक उभी रेघ असते, तिच्यापुढच्या अक्षरावर जोर द्यायचा. आपण ती डास मारल्याच्या डागासारखी दुर्लक्षून पुढे जातो. 'फोटोग्राफ' म्हणताना जोर 'फो'वर. 'फोटोग्राफर'मध्ये तो सरकून दुसऱ्या अक्षरावर येतो आणि भारदस्त 'फो'चा पार 'फ' होतो: फटॉग्रफर. 'फोटोग्राफिक'मध्ये जोर आणखी पुढे, 'ग्रॅ'वर. मराठीत आपण सगळ्या अक्षरांना जवळपास सारखा मान देतो. इंग्रजीत एकाला मान आणि बाकीच्यांची बोळवण.

आणि कधीकधी हा जोर अर्थही ठरवतो. 'रेकॉर्ड'मध्ये तो पहिल्या अक्षरावर पडला तर नोंद किंवा विक्रम, दुसऱ्यावर पडला तर नोंदवणं. म्हणजे अर्थ आधी आणि उच्चार सवडीने, ही वाटणीच खोटी.

म्हणून नवा शब्द भेटला की मी आधी ती रेघ शोधतो, मग डिक्शनरीतलं स्पीकरचं बटण दाबतो, मोठ्याने म्हणून बघतो. अर्थ त्यानंतर, तोही वाक्यासकट. कारण इंग्रजीत चहा 'स्ट्राँग' असतो, पाऊस मात्र 'हेवी'. सुट्या अर्थांच्या यादीत हे सापडत नाही.

ब्रिटिश 'शेड्यूल' बरोबर की अमेरिकन 'स्केजूल', यावर तासन्‌तास वाद घालणाऱ्यांना मात्र लांबूनच नमस्कार. डिक्शनरीत दोन्ही आहेत.