नांगर नव्हे, केणी

गाडीपुढे बसवून बर्फ सारायच्या पात्याला इथे 'स्नो प्लाऊ', म्हणजे बर्फाचा नांगर म्हणतात, म्हणून मी व्हिडिओ कॉलवर सांगितलं, "आप्पा, जीपला नांगर बसवतेय." आप्पांनी चष्मा चढवला. "नांगर कुठाय ह्यो? फाळ न्हाई, काय न्हाई. केणी हाय की ही, रान सपाट करायची." खरंच की. नांगर माती उलथतो, हे पातं पुढ्यातला ढीग नुसतं ढकलत नेतं. त्या दिवसापासून घरात तिचं नाव केणीच.

आम्ही अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहराच्या दक्षिणेला राहतो. ईरी तलाव गोठायच्या आधी थंड वारं त्याच्यावरून लांबीने वाहत येतं, वाफ पोटात घेतं आणि किनारा ओलांडला की आमच्यावर रितं होतं. तेही अरुंद पट्ट्यात, म्हणजे आमच्या दारात गुडघाभर आणि दहा मैलांवर लख्ख ऊन! नोव्हेंबर 2022 मध्ये ऑर्चर्ड पार्क-हँबर्गकडे चारेक दिवसांत 80 इंचांच्या आसपास बर्फ पडला. अशा वादळापुढे हलकं पातं काही कामाचं नाही, हे आधीच सांगून टाकते. माझी अडचण साधी होती. एरवीचा सहा-आठ इंच बर्फ, रस्त्यापासून घरापर्यंतचा 120 फूट लांब खडीचा ड्राइव्हवे, सकाळी सातची ड्यूटी आणि फावडं मारून मारून कामातून गेलेली नवऱ्याची कंबर.

गाडी चार दारांची जीप रँग्लर. दुकानदार साडेसहा फुटी पातं गळ्यात मारत होता. "गाडी छोटी आहे, बास होईल." मी टेप लावून चाकांची बाहेरून बाहेर रुंदी मोजली, ती भरली सहा फूट. बर्फ कडेला सारायला पातं तीस अंश तिरकं करावं लागतं, आणि तिरकं केलं की साडेसहाचं पाच फूट आठ इंचांवर येतं. म्हणजे न काढलेल्या बर्फावरून माझंच चाक जाणार. सात फुटी घेतलं. तिरकं केल्यावर ते जेमतेम सहा फूट राहतं.

बसवणं सप्टेंबरमध्येच उरकलं. चॅसीला दोन्ही बाजूंनी पोलादी प्लेटा, टॉर्क रेंचने आवळलेले बोल्ट, बॅटरीपासून विंचपर्यंत (पातं उचलणारं मोटरचं यंत्र) जाड वायर आणि मध्ये फ्यूज. वायरीच्या जोडांना ग्रीस चोपडायला विसरू नका, रस्त्यावरचं मीठ तांबं खाऊन टाकतं. या सगळ्यात एक शनिवार गेला. खरं डोकं खाल्लं ते वजनाने.

दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर प्रत्येक अ‍ॅक्सलची, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या आसाची, वजनाची कमाल मर्यादा लिहिलेली असते. आम्ही ट्रकवाल्यांच्या काट्यावर दोनदा गेलो, एकदा पातं काढून आणि एकदा लावून. तो काटा पुढचं आणि मागचं वजन वेगवेगळं छापून देतो. पातं 350 पौंडांचं. पुढचं वजन मात्र 470 ने वाढलं आणि मागचं 120 ने घटलं! पातं पुढच्या चाकांच्याही पुढे लोंबतं, त्यामुळे ते गाडीचं बूड उचलतं. आम्ही दोघं बसलेलो असताना पुढचा भार मर्यादेच्या 40 पौंड वर होता.

आप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, "गाडी धुरजड झाली. मागं वझं टाक." बैलगाडीत ओझं पुढे आलं की बैलांच्या मानेवर येतं, तसंच हे. मागच्या चाकांच्या मागे वाळूच्या साठ पौंडांच्या पाच पिशव्या टाकल्या आणि पट्ट्यांनी करकचून बांधल्या, नाहीतर ब्रेक मारताच त्या पाठीत यायच्या. पुढचा भार पन्नासेक पौंडांनी उतरला. तरीही केणी चालवताना नवऱ्याला शेजारी घेत नाही. नियमच केलाय.

पहिला बर्फ डिसेंबरात. खडीसाठी पात्याखालचे बूट लावून ते इंचभर वर ठेवलं होतं, तरी जमीन अजून गोठली नव्हती. कडेला हिरवळीत पातं अडकलं, स्प्रिंग खाड्कन सुटून ते पुढे झोपलं आणि मी हॉर्नवर आपटले. हिरवळीचा पोळीएवढा तुकडा उलटा होऊन पडला होता. ड्राइव्हवेच्या तोंडाशी साचलेला ढीग मी रस्त्यापलीकडे ढकलायला निघाले, तेव्हा समोरच्या आजोबांनी हात करून थांबवलं. न्यूयॉर्क राज्यात सार्वजनिक रस्त्यावर बर्फ ढकलणं बेकायदा आहे. आता सगळं आमच्याच अंगणात, तेही पहिल्या बर्फालाच जितकं लांब नेता येईल तितकं. ढीग एकदा गोठला की हलत नाही आणि पुढच्या बर्फाला जागा उरत नाही.

आप्पांचा शेवटचा प्रश्न, "दाबायला मागं कोण हाय?" केणीची दांडी धरून दाबायला मागे माणूस लागतो. इथे कोणीच नाही. विंच पातं उचलतो, खाली ते आपल्या वजनानेच बसतं. भुसभुशीत बर्फ निघतो, पण चाकाखाली दाबलेल्यावरून ते नुसतं घसरतं. म्हणून मी केणी फिरवेपर्यंत कोणी गाडी काढायची नाही, असं ठरलं होतं.

जानेवारीत एका पहाटे नवऱ्याला विमान पकडायचं होतं. मला झोपू द्यावं म्हणून तो गुपचूप निघून गेला. त्याच्या चाकांच्या दोन पट्ट्या मार्चपर्यंत ड्राइव्हवेत होत्या.