स्केलिग मायकल: चोचीत मासे घेऊन घिरट्या घालणारा पक्षी

स्केलिग मायकल या बेटावर जायचं हे भाच्याने घेतलेलं वेड. तो आयर्लंडमधल्या कॉर्कला शिकतो, स्टार वॉर्सचे सगळे भाग त्याला तोंडपाठ आहेत. २०१५ च्या 'द फोर्स अवेकन्स'च्या शेवटी रे ज्या दगडी पायऱ्या चढून ल्यूक स्कायवॉकरपर्यंत पोहोचते, त्या पायऱ्या त्याला स्वतः चढायच्या होत्या. मला पफिन हे छोटे समुद्रपक्षी बघायचे होते. दोघांचं बेट एकच निघालं, म्हणून जूनच्या शेवटी आम्ही केरीच्या किनाऱ्यावर, पोर्टमगी नावाच्या एवढ्याशा गावात येऊन थडकलो.

आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकापासून साधारण १२ किलोमीटर आत, अटलांटिकमध्ये हा सुळका उभा आहे. उंची २१८ मीटर. वर झाड नाही, आडोसा नाही, खायला काही मिळत नाही, स्वच्छतागृहही नाही. मेच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत दिवसाला फक्त १८० माणसांना उतरू देतात, आणि तेही समुद्राच्या मनात असेल तर. आमची ठरलेली फेरी रद्द झाली. धक्क्यावर स्वच्छ ऊन, वारा जेमतेम, आणि नावाडी सांगतोय की बेटाजवळ लाटा मोठ्या आहेत, बोट लागणार नाही. पैसे परत मिळाले (माणशी शंभर युरोंच्या वर घेतात), पण उन्हाळ्यातल्या जागा कित्येक महिने आधीच भरलेल्या असतात. त्या संध्याकाळी भाच्याचा चेहरा बघवत नव्हता. आम्ही ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या बाईंनी त्याच्यापुढे गरम सोडा ब्रेड आणि लोणी ठेवलं आणि स्वतः फोनला बसल्या. ओळखीच्या एकेका नावाड्याला विचारत विचारत त्यांनी कुणाच्या तरी सोडलेल्या दोन जागा मिळवल्या. त्या बाई नसत्या तर पुढचं काहीच घडलं नसतं. केरीतल्या लोकांच्या अगत्याबद्दल बरंच ऐकलं होतं, ते सगळं खरं आहे.

बोटीत बारा प्रवासी. मला बोट लागत नाही, भाच्याला लागली. तासाभराच्या त्या वाटेवर त्याने फारसं काही बघितलं नाही. लिटल स्केलिग हे शेजारचं बेट जवळ आलं तेव्हा मात्र त्यालाही मान वर करावीच लागली. लांबून वाटतं खडकावर बर्फ साचलाय. जवळ गेल्यावर कळतं, ते गॅनेट नावाचे समुद्रपक्षी आहेत आणि त्यांची विष्ठा आहे. सुमारे ३५ हजार जोड्या तिथे घरटी करतात. माणसांना उतरायला बंदी आहे, आणि ती असल्याचं मला मनापासून समाधान वाटलं. वास डोक्यात जातो, आवाजाने कान भरून जातात. पंख पसरले की जवळजवळ दोन मीटर भरणारा हा पक्षी उंचावरून पंख मिटून सरळ पाण्यात घुसतो. आमच्या अगदी बाजूला दोन-तीन घुसले. खालच्या खडकांवर सील पहुडले होते, आमच्याकडे बघायचीही त्यांना गरज वाटली नाही.

स्केलिग मायकलवर उतरायचं म्हणजे लाटेबरोबर बोट वर आली की नावाड्याचा हात धरून पायरीवर पाय टाकायचा. वर जाण्याआधी गाईड सगळ्यांना थांबवून नीट सांगतात: पायऱ्यांना कठडा नाही, दगड ओले असतात, चढताना फोन बघू नका, पक्ष्यांच्या बिळांसमोर उभे राहू नका. २००९ मध्ये इथे दोन पर्यटक पडून मरण पावले, म्हणजे हे काही उगीच घाबरवणं नाही. पण सूचना चालू असतानाच निम्मे लोक मागच्या सुळक्याचा व्हिडिओ काढत होते.

पायऱ्या ६१८. हरिहरच्या कातळपायऱ्या चढलेल्या माणसाला चढण अवघड वाटणार नाही. फरक इतकाच की इथे खोबणीत बोटं अडकवायची सोय नाही आणि खाली दरीऐवजी समुद्र आहे. हजार-बाराशे वर्षांपूर्वी इथल्या मठातल्या ख्रिस्ती भिक्षूंनी एकेक दगड रचून ही वाट केली. मी हळू चढत होते, कारण दर चार पावलांवर पफिन होते. जेमतेम अर्ध्या किलोचा पक्षी, नारिंगी पाय, वीणीच्या दिवसांतच रंगणारी चोच. माणसाला घाबरतच नाही असं वाटतं, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

दोन शिखरांमध्ये एक हिरवी खिंड आहे, क्राइस्ट्स सॅडल म्हणतात तिला. तिच्या थोडं खाली, वाटेच्या वळणावर सात-आठ जण दाटीने उभे होते. सिनेमात दिसणारी नेमकी जागा हीच, असं त्यांचं चाललं होतं आणि प्रत्येकाला तिथे आपला फोटो हवा होता. एक गृहस्थ तर गवतात आडवेच झाले होते, कोपर थेट बिळाच्या तोंडाशी. तेवढ्यात समुद्राकडून एक पफिन आला. चोचीत आडवे लटकणारे बारीक चंदेरी मासे. तो बिळाच्या रोखाने आला, माणसं बघून वळला, मोठा फेरा घेऊन परत आला, पुन्हा वळला. पंखांची ती घाईची फडफड, आणि खाली पोचायला जागाच नाही. वर कड्यावर काळ्या पाठीचा मोठा कुरव बसलेला. हे कुरव पफिनला मारून खातात, त्यामुळे हवेत काढलेला प्रत्येक जादा फेरा त्याच्या जिवावरचा.

भाचा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मावशी, आत पिल्लू असेल का?"

"असणारच. वर्षाला एकच अंडं घालतात. ते एकच पिल्लू आत वाट बघतंय."

मी पुढे होऊन त्या मंडळींना विनंती केली की थोडं खाली सरका, त्या पक्ष्याला आत जायचंय. एकीने हसून 'एक मिनिट' म्हटलं आणि आणखी एक फोटो काढला. मला इतका संताप आला की शब्द सुचेनात. आपण इथे अडीच तासांसाठी आलोय, तो पक्षी आख्खा हिवाळा उघड्या समुद्रावर काढून या एका बिळासाठी जमिनीवर आलाय, आणि थांबायचं कुणी, तर त्याने!

मदत आली ती मी मुळीच अपेक्षा केली नव्हती तिथून. त्याच घोळक्यात सिनेमातल्यासारखा तपकिरी झगा घातलेला एक उंच तरुण होता. त्याने माझं बोलणं ऐकलं, आकाशात बघितलं आणि सगळ्यांना मोठ्याने, स्पष्ट सांगितलं: खाली या, सगळे, आत्ता. आणि सगळे आले. आम्ही दहा-बारा पायऱ्या उतरून दगडांना टेकून बसलो. पफिन पुढच्याच फेरीत उतरला, क्षणभर मान वळवून बघितलं आणि धावत बिळात गेला. काही सेकंदांत रिकाम्या चोचीने बाहेर आला आणि समुद्राकडे झेपावला. 'एक मिनिट' म्हणणाऱ्या बाईच सगळ्यात आधी आनंदाने ओरडल्या. ती सगळी माणसं वाईट नव्हती. आपण कुणाची वाट अडवलीय हे त्यांना दिसलंच नव्हतं.

त्या तरुणाची आणि भाच्याची लगेच गट्टी जमली. स्टार वॉर्समध्ये या बेटावर राहणारे पोर्ग नावाचे गोलमटोल जीव आहेत, त्यांची कल्पना इथल्या पफिनांवरूनच सुचली, हे मला त्या दोघांकडून कळलं. मला ते फार आवडलं. पण जुलै २०१४ मध्ये, पक्ष्यांच्या ऐन वीणीत इथे चित्रीकरण झालं तेव्हा बर्डवॉच आयर्लंड या पक्षीसंवर्धन संस्थेने चिंता व्यक्त केली होती, तीही मला रास्तच वाटते. १९९६ पासून हे बेट जागतिक वारसा आहे. त्याची कीर्ती वाढवायला सिनेमाची गरज नव्हती.

वरच्या मठात सहा दगडी झोपड्या आहेत, मधमाश्यांच्या पोळ्याच्या आकाराच्या, चुना-मातीशिवाय नुसते दगड आत आत सरकवत रचलेल्या. एकीच्या आत उभी राहिले तर वाऱ्याचा आवाजच बंद झाला. गाईडने सांगितलं की या भिंतींच्या फटींत स्टॉर्म पेट्रेल नावाचे छोटे समुद्रपक्षी घरटी करतात आणि अंधार पडल्यावरच ये-जा करतात. भिक्षू बाराव्या-तेराव्या शतकाच्या सुमारास किनाऱ्यावर निघून गेले, पण त्यांच्या भिंतींत वस्ती अजून आहे. मला तिथेच बसून राहावंसं वाटत होतं. शेजारी कुणीतरी गाईडला 'ल्यूकची झोपडी' विचारत होतं. पुढच्या भागासाठी झोपड्यांच्या प्रतिकृती डिंगल द्वीपकल्पावर सिबिल हेडला उभारल्या होत्या, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. दिवसातून किती वेळा सांगावं लागत असेल!

नंतर किलार्नी झालं, डिंगल झालं, पाऊस झाला.

परतल्यापासून आमचा दोघांचा एक वाद चालू आहे. माझं म्हणणं, ज्यांना फक्त सिनेमाची जागा बघायची आहे त्यांनी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जावं. ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत पफिन समुद्रावर निघून गेलेले असतात, पायऱ्या काही जात नाहीत. जून-जुलैत पिल्लांचं खाणं चालू असताना १८० हा आकडासुद्धा कमी करायला हवा. भाचा म्हणतो, "मावशी, मी सिनेमासाठीच आलो होतो. ऑगस्टमध्ये आलो असतो तर मला पफिन कधी कळलेच नसते." यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. आकडा कमी करण्याबद्दल मात्र मी ठाम आहे. आता त्याने वेक्सफर्डच्या किनाऱ्याजवळचं ग्रेट सॉल्टी बेट शोधून काढलंय. तिथेही पफिन येतात, आणि या वेळी तो त्यांच्याचसाठी जाणार आहे.